दोनदा हाक मारणारं यंत्र

संघाच्या कचेरीत कॉम्प्युटर आला, त्याच दिवशी मथुरा गेल्याचं कळलं.

मथुरा माझी बायको. ती गुहागरला भावाकडे गेली होती. भावाच्या वाडीत सुपारीच्या दिवसांत माणसं कमी पडली की ती दरवर्षी जायची आणि येताना मला न झेपणारं ओझं घेऊन यायची.

त्या सकाळी कॉम्प्युटरची खोकी उघडून झाली होती. आमच्या आंबा बागायतदार संघाचे मॅनेजर आत्माराम शिवलकर, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी यंत्राला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि नारळ फोडायला काहीतरी शोधू लागले. यंत्र बसवायला पुण्याच्या कंपनीकडून शरयू मलुष्टे नावाच्या बाई आल्या होत्या. त्या मूळच्या रत्नागिरीच्याच. त्या म्हणाल्या, "साहेब, नारळ बाहेर फोडा. आत पाणी उडालं तर आजच परत न्यावा लागेल."

भाऊंनी पायरीवर नारळ फोडला आणि तेवढ्यात फोन वाजला. तो त्यांनीच घेतला. एका हातात नारळाचं भकल, दुसऱ्या हातात फोन. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. भकल तसंच पुढे धरलेलं. मला वाटलं प्रसाद देताहेत, म्हणून मी हात पुढे केला.

ते म्हणाले, "बाबाजी, गुहागरचा फोन होता. मथुरावैनी गेली रे. सकाळी छातीत कळ आली."

मी भकल घेतलं. काय करायचं ते सुचेना, म्हणून टेबलावर ठेवलं. आतल्या खोलीत मलुष्टेबाईंनी यंत्र सुरू केलं आणि ते एकदा वाजलं. पिप्. त्या आवाजाने सगळे तिकडे बघायला लागले, आणि मला चपला घालून बाहेर पडता आलं.

गुहागरला जे व्हायचं ते झालं. त्याबद्दल मी लिहीत नाही.

कामावर परत आलो तेव्हा भाऊंनी मला आवक विभागातून काढून यंत्रावर बसवलं. म्हणाले, "तुझे आकडे चुकत नाहीत. यंत्रावर बस. मन गुंतेल." मी म्हटलं, "भाऊ, मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो." ते म्हणाले, "यंत्राला घाई नाही. घाई मला आहे, आणि मी तुला काही बोलणार नाही." हे दोन्ही खोटं निघालं. यंत्रालाही घाई होती आणि भाऊ रोज बोलायचे. पण बरं वाटायचं.

यंत्र म्हणजे एक मोठी पेटी आणि तिच्यावर पडदा. ते थंड खोलीत होतं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. पुढच्या दालनात तीन टर्मिनलं होती, म्हणजे नुसते पडदे आणि कळफलक, ते तारेने त्या पेटीला जोडलेले. आम्ही तिघं बाहेर बसून टाइप करायचो आणि डोकं आत चालायचं. या व्यवस्थेला युनिक्स म्हणतात असं बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं. आमची शिपाईण सीताबाई तिला "उनीस" म्हणायची. आज उनीस चालू हाय, आज उनीस बंद हाय.

पावत्या छापायचा प्रिंटर मागे गोदामाच्या बाजूला होता. बागायतदार आंब्याच्या पेट्या घेऊन आला की वजन व्हायचं, आम्ही टाइप करायचो आणि मागे पावती निघायची. प्रिंटरचा कागद संपला की थंड खोलीतली पेटी वाजायची. कुणीतरी उठून कागद घालायचा. इतकं सोपं काम.

हे सोपं काम एप्रिलमध्ये बिघडलं.

त्या दिवशी संघाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. आंबा एकदम आला होता. खिडकीशी माणसं पावतीसाठी उभी होती आणि पावती येत नव्हती. आम्ही टाइप करतच होतो. भाऊ मागे जाऊन बघतात तर प्रिंटर गप्प, कागद कधीचा संपलेला. ते दालनात आले.

"यंत्र वाजलं नाही?"

"वाजला की," सीताबाई म्हणाली. ती दारातच बसली होती. "मगाशी वाजला."

"मग उठली का नाहीस?"

"एकदाच वाजला."

"मग?"

"एका हाकेला कोन उठतो, भाऊ?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मीही ऐकलं होतं आणि मीही उठलो नव्हतो. माझ्या शेजारी बसणारा दादू खाली मान घालून टाइप करत राहिला. त्यानेही ऐकलं होतं.

मलुष्टेबाई थंड खोलीतून बाहेर आल्या; कंपनीने त्यांना मोसमापुरतं आमच्याकडेच ठेवलं होतं. त्यांनी विचारलं काय झालं, आणि भाऊंनी जरा ओशाळूनच सांगितलं. आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात की बाहेरून एकदाच हाक आली तर ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारेल. जे एकदाच हाक मारतं ते माणूस नसतं.

बाईंना हसू आवरेना. "साहेब, हे तीन-आठ-सहा जातीचं यंत्र आहे. देवचार नाही."

"ता तुमी सांगताय," सीताबाई म्हणाली. "तो कुटे सांगतो?"

"सीताबाई, तुम्हाला खरंच भीती वाटते?"

"भीती कसली, बाय? पन कान थांबतो. दुसरी हाक आली की पाय उठतात. आली नाय तर नाय उठत."

हे अगदी खरं होतं. आम्हाला कुणालाच यंत्रात भूत आहे असं वाटत नव्हतं. पण एकदा वाजलं की आम्ही दुसऱ्यासाठी थांबायचो, दुसरं यायचं नाही, आणि मग आम्ही विसरून जायचो.

भाऊ म्हणाले, "बाई, त्याला दोनदा वाजवायला शिकवा. सीझनमध्ये मी यांचे कान बदलत बसू शकत नाही."

बाईंनी दुपारपर्यंत ते केलं. कागद संपला की पिप्, मग जरा थांबून पुन्हा पिप्. सीताबाई उठून गेली, कागद घातला आणि परत येताना म्हणाली, "उठले मी. पन ही हाक नव्हे. रिक्षावाला हॉर्न मारतो तसा वाटतो."

तेव्हा मी म्हणालो, "दुसरी हाक वर पाहिजे. आणि जरा आखूड."

मी एवढंच बोललो. सीताबाईने माझ्याकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं.

आता कुकाऱ्याबद्दल सांगायला हवं. आमचं घर खाली वाडीत आणि आंब्याची कलमं वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळात. वर काम करणाऱ्या माणसाला जेवायला बोलवायचं तर बायका खळ्यात, म्हणजे अंगणात, उभ्या राहून कुकारा घालायच्या. शब्द नाही, नुसतं कूऽऽ. प्रत्येकीचा वेगळा. सड्यावर दहा माणसं असली तरी ज्याचा कुकारा तोच उठायचा. मथुराचा पहिला कुकारा लांब आणि सपाट असायचा. मग ती श्वास घ्यायची. दुसरा पहिल्यापेक्षा वर आणि छोटा, आणि अगदी शेवटी ती तो आणखी वर न्यायची, भरलेला पोहरा काठाशी आला की दोर झटक्याने वर घेतात तसा. तिथे मी ओ द्यायचो.

ती गेल्यापासून तो मला कामाच्या नादात आपोआप ऐकू यायचा. चालताना, भात उकडताना. पण मुद्दाम आठवायला गेलो की येईना. मी स्वतः कू करून बघितलं तर माझा पुरुषी आवाज, सगळंच खाली. आणि हल्ली तो आपोआप यायचाही कमी झाला होता. घरात तिचा फोटो आहे, लुगडी आहेत, आवाज कुठेच नाही. मी तो विसरायला लागलो होतो आणि मला दुसरी कसली भीती नव्हती, ही होती.

बाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. विचारलं एवढंच की यंत्राचा आवाज वरखाली करता येतो का.

"येतो ना, काका," त्या म्हणाल्या. "पण याला गाणं येत नाही हं. आत काडेपेटीएवढा स्पीकर आहे. एका वेळी एकच सूर. तुम्ही उंची सांगायची, लांबी सांगायची, तेवढाच तो वाजणार."

त्यांनी मला कन्सोलवर बसवलं. कन्सोल म्हणजे आतला मुख्य पडदा. कसं टाइप करायचं ते दाखवलं. आधी एक खूण, म्हणजे यंत्राला कळतं की पुढचं पडद्यावर छापायचं नाही. मग आवाजाचा आकडा, मग लांबीचा आकडा, मग इंग्रजीतलं मोठं बी, मग घंटेची खूण. एंटर दाबलं की वाजतं.

मी दोन हजार लिहिलं. वाजलं. दुसरा कुकारा वर हवा म्हणून चार हजार लिहिलं. जो आवाज आला तो ऐकून दादू बाहेरून म्हणाला, "रेडा कुठला आत गेला?"

मी सहा हजार लिहिलं. रेडा आणखी म्हातारा झाला.

बाई म्हणाल्या, "आकडा वाढवला की आवाज उतरतो, काका."

"उलटं का?"

त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी घेतली, तिचं टोक टेबलाच्या कडेबाहेर काढलं आणि बोटाने उडवलं. पट्टी घुमली. मग टोक आखूड केलं आणि पुन्हा उडवली. आवाज बारीक आला. "आकडा म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचं अंतर. अंतर लांब, आवाज जाड."

हे मला लगेच पटलं. शाळेत पट्टीने हेच करून मार खाल्ला होता, तेव्हा कुणी हे सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या टर्मिनलवर बसून तेच टाइप केलं. टुंग. आकडा बदलला. टुंग. पुन्हा बदलला. तोच टुंग, तितकाच, तसाच. मी निरनिराळे आकडे घातले.

सीताबाई भाकरी खात होती. "बाबाजीभाऊ, त्याला कशाला चिमटे काढताय? त्याला एकच येतो."

बाई आल्या, बघितलं आणि खुर्चीवर बसून हसल्या. "काका, तुम्ही तुमच्याच टेबलाला हाक मारताय. ही टर्मिनलची घंटा. ती अशीच वाजणार. सूर बदलणारा स्पीकर आत पेटीत आहे. निरोप तिकडे पाठवा." त्यांनी ओळीच्या शेवटी एक बाणाची खूण आणि कन्सोलचं नाव घालायला शिकवलं, आणि तशी परवानगीही यंत्राला सांगून ठेवली.

मी एंटर दाबलं. आत लांब, उंच आवाज झाला आणि पाठोपाठ कुणीतरी खुर्चीवरून पडल्यासारखा दुसरा आवाज झाला.

भाऊ अनवाणी बाहेर आले. जेवण झालं की थंड खोलीत ते जरा डोळे मिटायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आत कोण ओरडलं?"

"आत तुमीच होतात, भाऊ," सीताबाई म्हणाली.

"मी फाइल बघत होतो."

"व्हय. गालावर उठलाय फायलीचा वळ."

त्यानंतर मी विचारून वाजवू लागलो. रोज काम संपलं की थोडा वेळ बसायचो. पहिला कुकारा जवळपास जमला असं वाटायचं आणि सकाळी ऐकला की अगदीच परका वाटायचा. दादू म्हणायचा टिटवी. एकदा भाऊ म्हणाले कुकरची शिट्टी. मी आकडे पाच-पाच, दहा-दहाने हलवायचो आणि जितकं जास्त ऐकायचो तितका खरा कुकारा लांब जायचा. एक दिवस तर असा आला की मला फक्त यंत्राचाच आवाज आठवू लागला. त्या दिवशी मी वाजवणं बंद केलं.

बाईंनी विचारलं, "काका, ऑफिसला दोन सूर पुरे आहेत. तुम्ही नेमकं काय शोधताय?"

मी म्हटलं, "काही नाही."

सीताबाई केर काढत होती. ती केर काढता काढताच म्हणाली, "बाय, ती मथुराची हाक हाय. त्याच्या बायकोची. तुमी ज्या दिवशी उनीस आनलात त्या दिवशी गेली ती."

बाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशीचा तो फोन." त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "काका, तुमचा एकट्याचा कान आता थकलाय. तो आवाज ओळखणारं दुसरं कुणी आहे का?"

होतं. केरू.

केरू आमचा शेजारी. त्याची कलमं आमच्या कलमांना लागून. माझ्या सुटीच्या दिवशी सड्यावर आम्ही जन्मभर एका कुंपणाच्या दोन बाजूंना काम केलं. त्याच्या बायकोचा, तुळसाचा कुकारा अगदी सरळसोट, शिट्टीसारखा. मथुराने माशाचं कालवण केलेलं असलं की केरू तिच्या कुकाऱ्यालाच उठायचा आणि माझ्याआधी आमच्या पडवीत बसलेला असायचा. म्हणायचा, "मला वाटला तुळसाच बोलावते." हे त्याने वर्षानुवर्षं सांगितलं आणि मथुराने वर्षानुवर्षं त्याला वाढलं.

केरू त्या आठवड्यात पेट्या घेऊन आला तेव्हा मी त्याला थंड खोलीत नेलं. चपला काढायला सांगितल्यावर त्याने टोपीही काढली.

"कोनाचा देव हाय आत?"

"देव नाही. बस. ऐक आणि सांग."

मी वाजवलं. केरूने डॉक्टरासारखी मान तिरकी केली. "ह्या काय?"

"ओळख."

"बोटीचा भोंगा?"

मी आकडा कमी केला. "आता?"

"लहान बोट."

बाई तोंडावर पदर धरून भिंतीकडे वळल्या. मी केरूला सांगितलं, मथुराचा कुकारा बसवतोय म्हणून. त्याने हातातली टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "पुन्ना लाव." मी लावलं. "वर घे जरा. येवढा नाय. खाली. तसाच... नाय रे, गेला." तो थंडीने काकडत होता. आम्ही पुष्कळ वेळ असं केलं आणि काही जमेना.

शेवटी केरू उठला. "बाबाजी, आपन चुकतोय. समोर बसून कोन ऐकतो वैनीला? ती खाली खळ्यात, आपन वर सड्यावर. मधे येवढी झाडा, वारा. मी भायेर जातो. तू हितनं लाव."

तो गेला. आवारात ट्रकच्या पलीकडे फणसाखाली जाऊन उभा राहिला. बाईंनी थंड खोलीचं दार उघडलं, मग दालनाचं दार उघडलं. भाऊ म्हणाले, "सगळी गार हवा चालली बाहेर," पण दार लावायला कुणी उठलं नाही. ते स्वतःही उठले नाहीत.

मी पहिला कुकारा तेवीसशेच्या आसपास ठेवला, लांब. मध्ये श्वास. दुसरा सतराशेच्या जरा वर. एंटर दाबलं.

फणसाखालून केरूने हात हलवून नाही म्हटलं.

पहिला थोडा वर घेतला, दुसरा थोडा खाली. पुन्हा नाही. आवारातली माणसं आता बघायला लागली होती. पेट्या उतरवणारे थांबले. कुणीतरी केरूला विचारलं काय चाललंय, तर तो म्हणाला, "जेवनाची येळ ठरवतोय."

मी मग आकडे बघणं सोडलं. बाईंना म्हटलं, तुम्ही बदला, मला सांगू नका. मी पण दालनाच्या दारात जाऊन उभा राहिलो, पाठ यंत्राकडे करून. केरूही पाठ करून बिडी शिलगावत होता. बाईंनी काय घातलं ते मला दिसलं नाही. पहिला आला. मग थांबला. मग दुसरा.

केरूने काडी पेटलेली असतानाच मान वर केली आणि मोठ्याने ओ दिली. "ओऽऽ."

मग त्याच्या लक्षात आलं. त्याने काडी टाकली, बोट भाजलं होतं ते झटकलं, आणि तिथूनच माझ्याकडे बघितलं. सगळं आवार हसत होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं ते केरूला हसत होते आणि ज्यांना ठाऊक होतं तेही हसत होते. मीही हसलो. ती गेल्यापासून मी असा हसलो नव्हतो.

सीताबाई मागे प्रिंटरला कागद घालायला जाऊन आली. कागद संपलेला नव्हता. म्हणाली, "पाय गेले, मी काय करू?"

केरू आत आला तो बोट चोखत. "बसला," म्हणाला. "पन शेवट नाय रे."

"माहीत आहे."

"ती सोडताना वर न्यायची. ह्या तिथेच थांबतो."

बाईंनी विचारलं वर म्हणजे कसं. केरूने आपल्या घोगऱ्या आवाजात करून दाखवलं, मी पोहऱ्याचं सांगितलं. त्या पुन्हा कन्सोलवर बसल्या. संध्याकाळी त्यांची सुटायची वेळ झाली, पण त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या सुराच्या शेवटी त्यांनी लहान लहान सूर जोडले, एकेक थोडा वर, आणि मध्ये यंत्राला उगाच काहीतरी मोजायला लावलं, म्हणजे ते सूर एकावर एक पडणार नाहीत. मग वाजवलं.

केरू म्हणाला, "वैनी जिना चढून वर गेली."

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. या पद्धतीने सगळ्यात छोटा सूर सेकंदाच्या दहाव्या भागाचा. त्याहून छोटा देता येत नाही. त्यामुळे पायऱ्या ऐकू येतात. सलग चढ हवा तर स्पीकरशी थेट बोलणारा प्रोग्राम लिहावा लागेल. प्रोग्राम तयार करायच्या डिस्कांचा सेट वेगळा मिळतो, आणि तो संघाने घेतलेला नाही."

भाऊ दारात होते. "कशाला लागतो म्हणून मागू समितीकडे?"

केरू म्हणाला, "सांगा, शेवटचा कागद घालायला लागतो." भाऊंनी ते खरंच पुढच्या सभेत मांडलं. समितीने पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं.

पायऱ्या काढून टाकल्या. दोन सपाट सूर ठेवले. तेवढ्यावर ती वाजते. मी ती म्हणतो. इतरही म्हणायला लागले. कागद संपला की थंड खोलीतून दोन कुकारे येतात आणि सीताबाई उठते, "आले गो मथुरा," म्हणते आणि जाते. एक नवा बागायतदार तिला विचारत होता की आत कोण बाई बसते, तर ती म्हणाली, "हाय एक. नोकरीत कायम नाय, पन कामाला चोख." त्या मोसमात प्रिंटर पुन्हा रिकामा राहिला नाही.

रविवारी घरी असलो की मी सड्यावर जातो. आता तुळसा आम्हा दोघांनाही बोलावते. तिचा कुकारा तसाच सरळसोट आहे, पण माझ्यासाठी ती तिसऱ्यांदा घालते. केरू म्हणतो, "तुला दोनदा पुरत नाय काय?" मी म्हणतो, "मला वाटलं तुलाच बोलावतेय." जेवायला बसलो की तुळसा मला जास्त वाढते आणि केरू ते बघतो.

मथुराचा कुकारा मला आता आपोआपही ऐकू येतो, पूर्वीसारखा, चालताना वगैरे. पहिला भाग आणि दुसरा भाग स्वच्छ येतो. शेवटाची मात्र खात्री नाही. केरूला विचारलं तर तो एकदा एक करून दाखवतो आणि दुसऱ्यांदा दुसरंच. तोही विसरायला लागला आहे. म्हणून घाई आहे.

मलुष्टेबाईंना कंपनीने पुण्याला परत बोलावलं. जाताना त्यांनी चढ कसा लिहायचा ते मला समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, डिस्कांचा सेट हाती आला की कळवा, मी येऊन बसवून देते. भाऊंनी यंदाही समितीला सांगून बघितलं.

सेट आलेला नाही. चढ बसवायचा राहिला आहे.